फेरपंचनामा

भारतीला तो खड्डा पाठ होता. मनीषनगरच्या मागच्या रस्त्यावर वळण संपलं की डाव्या हाताला नत्थूजीचं पंक्चरचं दुकान लागायचं, आणि त्याच्या वीसेक पावलं पुढे, रस्त्याच्या ऐन मध्यात, तो होता. जूनमध्ये कुठलीशी पाइपलाइन टाकायला रस्ता खोदला होता. वर माती लोटली आणि माणसं निघून गेली. जुलैच्या पावसात माती बसली. तेव्हापासून रोज सकाळी वळण आलं की मागे बसलेली भारती चंदनच्या खांद्यावर दोन बोटं दाबायची आणि चंदन गाडी डावीकडून काढायचा. त्यासाठी दोघांपैकी कोणालाच काही बोलावं लागत नसे.

चंदन निखारे इलेक्ट्रिक मोटारींचं वाइंडिंग करायचा. तांडापेठेत त्याच्या वडिलांचा हातमाग होता. पोरानं कॉइल बांधायचं काम शिकून घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, "धागाच आहे शेवटी, तांब्याचा." भारती मनीषनगरातल्या एका पाळणाघरात बारा लेकरं सांभाळायची. चंदन तिला सोडून तसाच पुढे वर्कशॉपला जायचा. एकुलती मुलगी रितिका बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला. उरलेल्या करंज्या पाळणाघरातल्या लेकरांसाठी न्यायच्या म्हणून भारती डबा भरत होती आणि डब्याचं झाकण काही बसेना. खाली चंदन गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवत होता. शेवटी ती आली, पदर सावरून एका बाजूने बसली, पिशवी मांडीवर घेतली. रस्ताभर चंदन कुरकुरत राहिला.

"रोज तुह्यापायी मले मालकाचं ऐका लागते."

"रोज नाही. आजच," भारती म्हणाली.

वळण आलं. तिनं खांद्यावर बोटं दाबली की नाही, हे चंदनला नंतर कधीच आठवलं नाही. रस्ताभर पाणी साचलं होतं, खड्डा कुठे आहे ते दिसत नव्हतं. "ते झाकण काय तिथं गेल्यावर बसवता नसतं आलं?" असं म्हणत त्यानं मान मागे वळवली. तेवढ्यात पुढचं चाक खाली गेलं.

गाडी पडली नाही. दोन्ही पाय टेकवत त्यानं ती सावरली. एकदम हलकी झाली, एवढंच त्याला कळलं. थांबून त्यानं मागे पाहिलं. भारती रस्त्यावर आडवी होती. रक्त नव्हतं. नत्थूजी हातातली ट्यूब टाकून धावत आला. दोघांनी तिला ऑटोत घातलं. ऑटोत तिनं एकदा डोळे उघडून चंदनकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी त्याला बाजूला बोलावलं.

तेरवी झाल्यावर पोलीस ठाण्यातून फोन आला. चंदनला वाटलं, रस्त्याची तक्रार घ्यायला बोलावलं असेल. त्यानं मोबाइलमध्ये काढलेले खड्ड्याचे फोटो दाखवायला तयार ठेवले. जमादारानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एक कागद पुढे सरकवला.

"इथं सही करा. आरोपी लिहिलं आहे ना, त्याच्या खाली."

"आरोपी कोण?"

"गाडी कोण चालवून राहिलं होतं, निखारेजी?"

"मी."

"मग?" जमादार आवाज खाली आणून म्हणाला, "माणूस गेलं की कोणाचं तरी नाव टाकाच लागते."

"गड्ड्याचं टाका ना."

"गड्ड्याले नाव कुठं असते बाप्पा? रस्ता कोणत्या हापिसाचा आहे, हेच अजून आम्हाले कोणी सांगितलं नाही."

चंदननं कागद वाचला. 'सदर रस्ता डांबरी व सरळ असून त्यावर पावसाचे पाणी साचलेले आहे. आरोपी हा आपले ताब्यातील मोटारसायकल हयगयीने व निष्काळजीपणे चालवून मागे बसलेल्या इसमाचे मरणास कारणीभूत झाला.' पंचनामा भर पावसात झाला होता. लिहिणाऱ्याला पाणी दिसलं होतं, पाण्याखालचं दिसलं नव्हतं. आणि मागे बसलेला इसम म्हणजे भारती.

घरी रितिकानं तो कागद दोनदा वाचला.

"पप्पा, तुम्ही जोरात होते काय?"

"नाही बेटा."

"किती होता स्पीड?"

चंदनला सांगता येईना. गाडीचा काटा दोन वर्षांपासून वीसवर अडकलेला होता.

"जोरात नव्हतो. त्यायले पाण्यात गड्डा दिसला नाही, म्हणून असं लिहिलं."

"तुम्हाले तं माहीत होता ना?"

भारतीची आई तुळजाबाई तेरवीसाठी भिवापूरहून आली होती. ती दाराशी बसून हे ऐकत होती. तिसऱ्या दिवशी रितिकाची पिशवी भरून म्हणाली, "जवाई, पोरीले थोडे दिवस नेतो मी. इथं तिले झोप नाही." रितिका जाताना दारात थांबली, पण मागे वळली नाही.

मोफत कायदा सल्ल्याच्या खोलीत चंदनला नूपुर नावाची वकील भेटली. वयानं तिशीच्या आतली असेल. त्यानं तिला सांगितलं, "शिक्षा होवो न होवो, मले त्याचं काही नाही. कागदावर गड्डा आला पाहिजे. पोरीले दाखवायचं आहे."

नूपुरनं सगळे फोटो पाहिले. "फोटो आहेत ते बरंच आहे. पण हा कुठला रस्ता, कधीचा फोटो, यावरच वर्षभर वाद घालता येतो. आपण फेरपंचनाम्याचा अर्ज करू. इंजिनिअरसमोर खड्डा मोजला जाईल, लांबी, रुंदी, खोली, सगळं. मग तो कोणाला नाकारता येणार नाही." तिनं मोबाइल परत दिला. "तोपर्यंत खड्डा आहे तसा राहिला पाहिजे, निखारेजी. तो बुजला तर आपल्या हातात काही उरत नाही."

कोर्टानं चौदा ऑक्टोबर ही तारीख दिली.

त्याच्या कितीतरी आधी, भारती गेल्यानंतरच्या आठवड्यात, चंदननं रस्ता दुरुस्तीचे अर्जही दिले होते. एका कार्यालयानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसऱ्यानं शिक्का मारून ठेवून घेतला. आणि आठ ऑक्टोबरला सकाळी नत्थूजीचा फोन आला.

"चंदनभाऊ, टेम्पो आला आहे गा. गिट्टी घेऊन. गड्डा भरून राहिले."

चंदन पोचला तेव्हा माणसं फावडी काढत होती. तो जाऊन खड्ड्यात उभा राहिला. पाणी पोटरीपर्यंत आलं.

"चौदा तारखेपर्यंत थांबा. हात जोडतो. फक्त चौदापर्यंत."

टेम्पोसोबत आलेल्या धोंडबा मुकादमानं खिशातून कागद काढला. "हा अर्ज कोणाचा आहे? चंदन निखारे. तुम्हीच ना? तुम्हीच भरा म्हणता अन् तुम्हीच नाही म्हणता?"

चंदननं त्याला सगळं सांगितलं. धोंडबा ऐकत राहिला. मग म्हणाला, "वाईट झालं. पण मले साहेबाले उत्तर द्या लागते. सही द्या." आणि त्यानं त्याच अर्जाच्या मागे लिहिलं, 'स्थानिक नागरिकाच्या हरकतीमुळे काम थांबवले.' चंदननं खाली सही केली. सही करताना त्याचा हात अडला नाही. रितिकाच्या हातात द्यायचा एक खरा कागद, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. टेम्पो गिट्टीसकट परत गेला.

मग तो खड्ड्यापाशी उभा राहू लागला. वर्कशॉपमधून सुट्टी घेतली. नत्थूजीनं चार जुने टायर दिले, ते भोवती मांडले, मध्ये काठी रोवून लाल फडकं बांधलं. सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचा. "डावीकडून घ्या, डावीकडून." अंधार पडला की नत्थूजी दुकानातला बल्ब वायर लांबवून रस्त्याकडे टांगायचा. लोक चंदनला ओळखू लागले. कोणी थांबून विचारायचं, काका, भरत काहून नाही हा गड्डा? चंदन म्हणायचा, "चौदाले."

बारा तारखेला कोर्टाच्या आदेशाची प्रत ठाण्यात नेऊन द्यायची होती. तो दहाला गेला. साहेब जागेवर नव्हते, बसावं लागलं. मध्येच पावसाची एक जोरदार सर येऊन गेली. परत आला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. लांबूनच त्याला दिसलं की काठी नाही. पाण्याच्या टँकरनं टायर उडवून लावले होते, एक नालीत पडला होता. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल आडवी होती आणि कुरिअरची पाकिटं चिखलात पसरली होती.

नत्थूजीच्या बाकावर एक तरुण बाई बसली होती. हनुवटी फाटली होती. उजवं मनगट तिनं डाव्या हातानं धरून ठेवलं होतं, ते वेगळंच लोंबत होतं.

"भूमिका नाव आहे हिचं," नत्थूजी म्हणाला. चंदनकडे न पाहता बोलत होता. "मागं ट्रक होता गा. त्याचा ब्रेक लागला म्हणून वाचली. इतका राहिला होता." त्यानं एका हाताचं अंतर दाखवलं.

"पाणी होतं काका, दिसलंच नाही," भूमिका म्हणाली. जणू चूक तिचीच होती.

"घरी कोण आहे, बेटा?"

"पोरगी आहे. दोन वर्षांची. आईपाशी ठेवून येतो मी." मग तिला एकदम रडू आलं. "तिले कसं घेऊ आता मी या हातानं?"

ऑटो आला. ती गेली. चंदननं चिखलातली पाकिटं एक-एक उचलून पुसली आणि नत्थूजीच्या दुकानात रचून ठेवली. मग त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"बादली दे, नत्थूजी."

नत्थूजीला कळलं. "दोनच दिवस राहिले, चंदनभाऊ. आज मी उभा राहतो. उद्याही राहतो."

"अन् रात्री? बल्ब टांगलेला असतानाही परवा एक जण घसरला."

"पण तुमचा कागद..."

"बादली दे."

समोर इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या चौकीदारानं मलबा घेऊ दिला, मुरूम दिला, अर्धी सिमेंटची पिशवी दिली, ठोकायला धुम्मस दिलं. दोघांनी आधी पाणी उपसलं. पाणी गेल्यावर खड्डा पहिल्यांदा नीट दिसला. चंदनच्या गुडघ्याएवढा खोल होता. कडेचं डांबर सुरीसारखं उभं होतं. तळाशी मोठे दगड टाकले, त्यावर विटांचे तुकडे, मग मुरूम. ठोकलं, पुन्हा मुरूम टाकला, पुन्हा ठोकलं. वरून सिमेंट-गिट्टीचा थर ओढला. वाळेपर्यंत कोणी चाक घालू नये म्हणून टायर पुन्हा मांडले.

नळाखाली हात धुताना नत्थूजी सहज बोलून गेला, "दोन तासाचंच काम होतं गा."

बोलल्यावर त्यानं जीभ चावली. चंदन ओल्या हातानं तसाच उभा राहिला. जुलैपासून तो दिवसातून दोनदा इथून गेला होता. नत्थूजी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोरच बसलेला असायचा. समोर मलब्याचा ढीग होता. घमेलं होतं. चंदन तिथंच नळाखाली बसला आणि भारती गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला.

चौदा तारखेला इंजिनिअर आले. टेप काढला आणि मोजायला काही नाही म्हणून परत गुंडाळला. लिहून दिलं, 'तपासणीवेळी सदर ठिकाणी खड्डा आढळून आला नाही. रस्ता समतल व वाहतुकीस योग्य आहे.' नूपुर त्या पॅचकडे पाहत होती.

"हे कोणी केलं?"

"मी," चंदन म्हणाला.

"एक फोन तरी करायचा."

"तुम्ही थांबा म्हटलं असतं."

"हो," ती म्हणाली. "म्हटलं असतं."

त्याच रविवारी तो एसटीनं भिवापूरला गेला. रितिका अंगणात बाजेवर बसली होती. पाच-सहा किलोनं उतरलेली दिसत होती. त्यानं इंजिनिअरचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. टेम्पो परत पाठवल्याचं सांगितलं, भूमिकाचं सांगितलं, भरल्याचं सांगितलं.

"म्हणजे आता कागदावर कधीच येणार नाही?"

"नाही."

"त्या ताई पडल्यावर भरला तुम्ही?"

"हो."

"आधी काहून नाही भरला?" तिचा आवाज चिरका झाला. "आई होती तेव्हा. आई रोज जात होती ना तिथून."

"वाटलं, कोणी तरी भरन," चंदन म्हणाला. "सगळ्यायलेच वाटत होतं."

रितिका कागदाची घडी घालत राहिली, उघडत राहिली. चंदनला तिथंच थांबता आलं असतं.

"अजून एक आहे, रितू. त्या दिवशी मी मागं पाहिलं होतं. आईले बोलून राहिलो होतो. उशीर झाला म्हणून. मान वळवली तेव्हाच चाक गेलं."

रितिका उठली आणि घरात गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तुळजाबाई चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "हे कायले सांगितलं तिले? हे तं तिनं विचारलं नव्हतं."

"तुमचीही माफी मागायची होती, आई."

"माफी." तुळजाबाईनं भाकर तव्यावर टाकली. भाकर एका बाजूनं दुमडली. "मी तुम्हाले लेक दिली होती, जवाई. माफी मी कुठं ठेवू?" दुमडलेली भाकर सरळ करत ती म्हणाली, "जेवून जा."

तो जेवला. बसची वेळ झाली तरी दार उघडलं नाही.

दोषारोपपत्र फेब्रुवारीत आलं. नूपुरनं खूप समजावलं. भूमिका साक्ष द्यायला तयार होती, नत्थूजी तयार होता. तीन-चार वर्षं लागतील, पण सुटाल, ती म्हणाली. "तुम्ही मान वळवली, बरं. रस्ता नीट असता तर मान वळवून काय झालं असतं? काहीच नाही."

"ते मले समजते मॅडम. पण वळवली तं होती."

मार्चमध्ये तो कोर्टापुढे उभा राहिला. न्यायाधीश एक पोक्त बाई होत्या. त्यांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, कोणी दबाव आणला आहे का.

"दबाव नाही, साहेब. गड्डा होता. अन् मी मागं पाहिलं होतं. दोन्ही लिहा. एकच लिहू नका."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि टाइप करणाऱ्याला दोन्ही लिहायला सांगितलं. निकालाची एक प्रत रस्त्याच्या कार्यालयाकडे पाठवावी, असंही सांगितलं. लिपिकानं विचारलं, कोणत्या कार्यालयाकडे? सरकारी वकिलांनी नूपुरकडे पाहिलं. नूपुरनं तिच्याकडच्या तीन कार्यालयांची तीन पत्रं दाखवली. तिन्हींत, टेम्पो पाठवणाऱ्या कार्यालयाच्याही पत्रात, एकच होतं, रस्ता आमचा नाही. शेवटी तिन्हींकडे पाठवा म्हणून ठरलं.

शिक्षा झाली थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. चंदनला कळलं नाही. नूपुरनं समजावलं, "इथंच बसायचं. या खोलीत, मागच्या बाकावर. संध्याकाळी कोर्ट उठलं की घरी जायचं. बाहेर जायचं नाही."

तो बसला. पुढे दुसऱ्यांची प्रकरणं चालली. कुणाचा चेक, कुणाची मारामारी, कुणाची भिंत. जेवणाची सुट्टी झाली तरी तो उठला नाही. सुट्टीनंतर बऱ्याच वेळानं दार लोटून रितिका आत आली. नूपुरनं तिला सकाळीच फोन केला होता. ती भिवापूरहून एकटी आली होती, बसमध्ये उभी राहून आल्यासारखी दिसत होती. तिनं खोलीभर नजर फिरवली, मग मागच्या बाकावर येऊन बसली. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा राहिली.

"काही खाल्लं काय?" तिनं हळू विचारलं.

"बाहेर जाता येत नाही."

"किती वेळ आहे?"

"साडेपाचले उठते म्हणते."

रितिकानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अजून दोन तास होते. समोरच्या पट्टेवाल्यानं बोटानं गप्प राहायला सांगितलं. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोघांच्या मधल्या जागेत ठेवली. मग हात मांडीवर घेऊन ती समोर पाहत बसली. चंदनला तिच्याकडे वळून पाहावंसं वाटत होतं, पण त्यानं पाहिलं नाही. थोड्या वेळानं ती रडतेय, हे त्याला बाकाच्या हलण्यावरून कळलं. तिनं आवाज होऊ दिला नाही आणि ती उठूनही गेली नाही.

साडेपाचला न्यायाधीश उठल्या. खोलीतली सगळी माणसं उभी राहिली. बापलेकही उभी राहिली. न्यायाधीश आत गेल्या, वकील पांगले, लिपिकानं फायली कपाटात कोंबल्या. शिपाई एक-एक पंखा बंद करत मागपर्यंत आला, तरी ती दोघं बाकापाशी उभीच होती.

"झालं ना आता," शिपाई म्हणाला. "जा बाप्पा घरी."